चिंचेपासून डावीकडं

कृपादान गुरुजींना वार आठवेनासा झाला, शेजाऱ्यांची नावं आठवेनाशी झाली, तरी आमराईची वाट ते विसरले नव्हते. देवळाली प्रवरेजवळच्या त्या गावात मिशनच्या शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं होतं. आता सकाळचा चहा झाला की ते काठी घेऊन निघत. घरामागंच गोऱ्या साहेबांच्या काळात लावलेली आमराई होती. तिच्यातून सपाट पायवाट जाई, ना चढ ना उतार. पुढं जुनी चिंच लागे. तिथून डावीकडं वळलं की करंज-जांभळांची गर्द झाडी आणि मग प्रवरेचा काठ. खडकावर घटकाभर टेकायचं आणि आल्या वाटेनं परतायचं.

त्यांची बायको हन्ना त्यांना एकटं जाऊ देई. मुलगी दया नगरहून आली की रागवायची, "आई, कुठं पडले-झडले म्हणजे?"

"एवढं एक तरी त्यांचं त्यांना करू दे," हन्ना म्हणे.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. नदीत नुसती वाळू उरली. गावातली ढोरं छावणीला गेली, माणसं खडी फोडायला. आमराईची आणि काठावरची झाडं शेंड्यापासून वाळत आली, तेव्हा ती तोडून सरपण विकायचं असं चर्चच्या मंडळीनं ठरवलं. तोडीचं काम सहादेवनं घेतलं. तो गुरुजींचाच विद्यार्थी. हन्ना मुद्दाम त्याच्या घरी गेली.

"सहादेव, बाकी काही तोड, पण वळणावरची चिंच राहू दे. ती दिसली की ते वळतात."

"मावशी, चिंचंला हात लागायचा न्हाई. माझा सबूद हाय."

सबूद त्यानं मनापासून दिला होता. पण आठवड्याभरात त्याला कामासाठी राहुरीला जावं लागलं आणि तोडीवाल्या माणसांना चिंचेचं सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी गुरुजी नेहमीसारखे निघाले. ऊन चढलं तरी परतले नाहीत. हन्ना धावत आमराईत गेली आणि जागच्या जागी थबकली. जिथं चिंच होती तिथं उजेड होता. सगळीकडं सारखीच खोडं, सारखाच भुसा. तिला स्वतःलाही क्षणभर कळेना, वाट कुठून वळते.

तिनं खडकापर्यंत जाऊन पाहिलं. नदीच्या वाळूत हाका मारल्या. वाळूत खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरणारी राहीबाई म्हणाली, "गुर्जी व्हय? मगाशी सडकंकडं जाताना दिसले. म्या हाक मारली, पर थांबले न्हाईत."

हन्ना सडकेनं निघाली. पायांत वहाणा नाहीत हे तिला बरंच पुढं गेल्यावर कळलं. दुष्काळी कामावर बायामाणसं ओळीनं खडी फोडत होती. त्या ओळीच्या टोकाला गुरुजी बसले होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं होतं. हातात हातोडी होती आणि बोटं रक्ताळली होती.

"कवापासनं सांगतीया, घरी चला," शेजारची दगडाबाई म्हणाली. "पर हातोडी सोडंनात. म्हनत्यात, सगळे कामं करत्यात, मी कसा बसून राहू?"

हन्ना त्यांच्यापुढं बसली. "अहो, चला ना."

गुरुजींनी मान वर केली. चेहरा शांत, अगत्याचा. शाळेत नव्या मुलाच्या आईशी बोलत तसे ते म्हणाले, "बाई, आपण कोण?"

आजवर काहीही विसरले तरी ते हन्नाला विसरले नव्हते. दगडाबाईनं हात थांबवून दुसरीकडं पाहिलं.

"मी... मी आमराईकडं राहते," हन्ना म्हणाली. "तिकडंच निघालेय. येता का?"

"बरं झालं. आमची मंडळी वाट बघत असेल. तिचा जीव फार घाबरतो." त्यांनी हातोडी खाली ठेवली.

घरी आल्यावर ते दारातच उभे राहिले. "हन्ना कुठं गेली?"

"येतील. तुम्ही बसा, मी हात धुऊन देते."

"आपण कशाला त्रास घेता?"

संध्याकाळी सहादेव आला. टोपी हातात धरून खाली बघत म्हणाला, "मावशी, माझ्यामुळं झालं."

चिंच असती तरी एक दिवस हे व्हायचंच होतं, असं म्हणावं असं तिच्या मनात आलं. पण ते खरं की खोटं हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो पाणी पिऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चहा होताच गुरुजी काठी घेऊन उठले. त्यांना अडवणं हन्नाला जमेना. ती मागोमाग गेली. खोडांपाशी ते थांबले आणि इकडंतिकडं बघत राहिले. तिनं जवळ जाऊन त्यांचा दंड धरला.

त्यांनी हळूच, तिचा अपमान होणार नाही अशा बेतानं, दंड सोडवून घेतला.

"माफ करा, बाई. घरी माझी बायको आहे."

"बरं," हन्ना म्हणाली. "मग मी पुढं चालते. तुम्ही माझ्या मागून या."

ती डावीकडं वळली. मागं काठीचा आवाज येत होता. तो ऐकत ती उघड्या उन्हातून नदीकडं चालत राहिली.