एक बाई तशीच ठेवायची

तळं खणायच्या सरकारी कामावर मी मुकादम आहे. माझ्या हाताखाली सगळ्या बायकाच, त्यामुळे आवाज चढा ठेवावा लागतो. खरं सांगायचं तर तो मुळातच चढा आहे.

एक दिवस साहेब आले आणि गाडीतून न उतरताच म्हणाले, "पाहणीला एक बाई येणार आहेत. या कामामुळे तुम्हा बायकांमध्ये काय फरक पडला ते मोजणार. फरक दिसला तर काम पुढं चालू. नाहीतर तळं अर्धं राहिलं तरी बंद." एवढं बोलून स्वारी पसार. मोजणार म्हणजे कसं, हे सांगायला काय झालं होतं कोण जाणे.

काम बंद म्हणजे मी परत घरात. नवरा शिंपी, त्याच्या मशीनशेजारी बसून मी वर्षानुवर्षं काजं-बटणं केली. दोरा तोडायला तोंड उघडायचं, तेवढंच. आणि इथं माझ्या एका हाकेवर अख्खी टोळी उठून उभी राहते! ते मला सोडायचं नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत बैठक बसली. माझी थोरली जाऊही टोळीतच आहे. तिला सगळं कळतं, असं तिला वाटतं.

"मोजणी म्हटली की खांब आला," ती म्हणाली.

आता खांब म्हणजे काय, ते सांगते. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा. जमीन आधी कुठवर होती, ते त्यावरून दिसतं आणि साहेब खोली मोजतात. खांब पडला तर मोजणी बोंबलली.

"आपण सगळ्याच सुधारलो असं सांगितलं," जाऊ म्हणाली, "तर ती बाई म्हणेल, तुम्ही आधीपासूनच अशा असाल. एक बाई तशीच ठेवायला हवी. न सुधारलेली. नवऱ्यापुढं मान खाली घालणारी."

हसू नका. आम्हाला ते इतकं पटलं की सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न एवढाच, की खांब कोण होणार?

"माझा नको गं," एक जण म्हणाली. "तो खरंच डाफरतो. बाईसमोर सुरू झाला तर आवरायचा कुणी?"

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"हिचा नवरा गरीब आहे," जाऊ म्हणाली. "ओरड म्हटलं की ओरडेल."

"मी? अगं, तुम्हा सगळ्यांना दम भरणारी मी!"

"म्हणूनच. तुझा नवरा तुझं ऐकतो. बाकीच्यांच्या नवऱ्यांना कोण सांगणार?"

घ्या! माझ्याच टोळीनं मला खड्ड्यात उभं केलं.

घरी येऊन नवऱ्याला बसवलं. "तुम्ही माझ्यावर ओरडायचं."

"कशावरून?"

"कशावरूनही."

"अगं, पण राग तर यायला हवा."

"मग आणा!"

बिचाऱ्यांनी डोळे मोठे केले, मांडीवर थाप मारली आणि ओरडले, "चहा आण!" आणि लगेच हळूच, "झाला असला तर." मी कपाळावर हात मारला. झोपेपर्यंत घोकून घेतलं. बाईनं विचारलं, बायकोनं कामावर जावं का, की मांडीवर थाप आणि ठणकावून 'नको'. मी म्हणायचं, 'यांच्या शब्दाबाहेर मी नाही.'

पाहणीवाली बाई आली ती चांगली होती हो. चष्मा, पायात बूट, बोलणं गोड. बाकीच्यांची घरं उरकून माझ्याकडे आली, तोवर टोळी माझ्या खिडकीखाली जमली होती. लपल्या होत्या म्हणे! जावेचा अंबाडा मला आतून दिसत होता.

"घरात पैसे कुठं खर्च करायचे ते कोण ठरवतं?" बाईनं विचारलं.

"हे," मी मान खाली घालून म्हणाले.

"मी?" नवरा म्हणाला. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"माहेरी कधी जायचं ते?"

"तेही हेच." आणि दात आवळून त्यांना, "सरळ बसा आणि रागवा!"

बाई काहीतरी लिहीत राहिली. मग तिनं यांच्याकडे वळून विचारलं, "तुमच्या बायकोनं कामावर जाऊ नये, असं वाटतं का तुम्हाला?"

मी मांडीवरच्या थापेची वाट बघत होते. ती काही आली नाही.

"हो," ते हळूच म्हणाले. "वाटतं. घर खायला उठतं. आधी ही शेजारी काजं करत बसायची. फारशी बोलायची नाही, पण असायची. आता मशीन थांबवलं की घरात काही ऐकूच येत नाही. जाऊ नये असं मला रोज वाटतं."

"अगंबाई, काय करतोय बघ, अगदी खरंच वाटतंय!" खिडकीखालून जाऊ कुजबुजली.

माझे कान तापले. हे ठरलेलं नव्हतं.

बाईनं मला विचारलं, "मग त्यांनी नको म्हटलं तर?"

घोकलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. तेवढं म्हटलं की टोळीचं काम झालं. पण यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आशा होती हो. मी ते वाक्य म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं धरलं असतं. मला रडूच यायला लागलं. त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं आणि स्वतःसाठी भीती वाटत होती, दोन्ही एकदम.

"जाणार," मी म्हणाले. "दारात आडवे पडले तरी ओलांडून जाणार."

"मोडला गं बाई खांब!" बाहेर आरडाओरडा झाला, आणि जाऊ धावतच आत आली. "बाई, ही खोटं बोलतेय! फार गरीब आहे हो ही, नवऱ्यापुढं तोंड उघडत नाही!"

"तू आधी बाहेर हो!" मी ओरडले.

"वहिनी, पाणी घ्या," नवरा म्हणाला.

मग बाईला सगळं सांगावं लागलं. ती चष्मा काढून हसली. म्हणाली, "तुलनेसाठी अशा बाया आम्ही शोधतोच. पण जिथं हे काम आलेलंच नाही, त्या गावात."

"बघा! मी म्हणाले नव्हते?" जाऊ जी फुगली, ती अजून उतरलेली नाही.

काम चालू ठेवा असं वर लिहीन, असं सांगून बाई गेली. टोळी पांगली. हे मशीनवर जाऊन बसले, पण पाय काही हलवेनात.

"एवढं वाटत होतं तर बोलायचं नाही का कधी?" मी जरा तावातच विचारलं.

"तू विचारलं नाहीस. एक दिवस म्हणालीस, उद्यापासून जाते, आणि गेलीस."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"बरं, आता विचारते. कामावर जाऊ का?"

त्यांनी कापड सारखं केलं, सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "जा."

"आणि नको म्हणाला असतात तर?"

"तरी गेलीच असतीस."

"गेलेच असते."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण विचारलंस ना." आणि मशीन सुरू केलं.