बाबांना आमेन म्हणावंच लागतं

"आई, तू बाबांसाठी प्रार्थना करतेस, तेव्हा देवापुढं त्यांचं नाव घेतेस का गं?"

आईच्या हातावर थापलेली भाकरी तव्यावर पडायची, ती तशीच परातीत घडी होऊन बसली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आपलं मनात आलं."

साफ खोटं! मनात माझ्या नव्हतं आलं, प्रमोदिनीच्या आलं होतं, आणि गुलशननं त्याची पैज केली होती. झालं असं की त्या दिवशी हरितालिका होती. प्रमोदिनीच्या आईनं सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, आणि हे सांगताना प्रमोदिनीची मान अशी काही ताठ झाली होती, जसा काही तिचाच उपास. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसलो होतो. गुलशन म्हणाली, "आमची अम्मी उपास नाय करत. अब्बा दुकानाला निघाले का त्यांच्या टोपीवर दुआ पढून फुंकते. रोज. टोपी न घेता निघाले तर गल्लीपर्यंत मागं पळते."

मग दोघी माझ्याकडं वळल्या. आम्ही छावणीतले ख्रिस्ती. आमच्यात हरितालिकाही नाही आणि टोपीवर फुंकरही नाही.

"माझी आई प्रार्थना करते," मी म्हणाले.

"कुणाच्या नावानं?" प्रमोदिनीनं विचारलं. "तुझी आई तर तुझ्या बाबांचं नाव घेत नाही. परवा मास्तरणीबाईंनी विचारलं तर पदर तोंडाला लावून उभी राहिली. देवापुढंही नाव घेत नसेल तर देवाला कसं कळायचं, कुणाचा नवरा? दुसऱ्याच्याच नवऱ्याला बरकत देऊन बसेल की."

गुलशन हसून हसून भिंतीला टेकली. "सलोमी, हिंमत असंल तर पूछ. नाय पुछलं तर तुझ्या अंगणातले सगळे पेरू आमचे."

महिन्यापूर्वी ही पैज लागली असती तर मी पेरू देऊन मोकळी झाले असते. पण आता गोष्ट वेगळी होती. मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला, हैदराबादहून साहेब आले होते, आणि साऱ्या शाळेसमोर मी उर्दूत भाषण म्हणून दाखवलं होतं. उर्दूत! मी, जिला दोन वर्षांपूर्वी अलीफ आणि लाम वेगळे दिसत नव्हते. साहेब 'शाबास' म्हणाले आणि तेव्हापासून मला कुणालाही काहीही विचारावंसं वाटायला लागलं होतं.

इकडं आईनं परातीतली भाकरी पुन्हा मळली आणि म्हणाली, "देवाला समदं ठाऊक असतं. जा, शेळीला पाला टाक."

आता खरं सांगायचं तर पैज हे निमित्त होतं. आई बाबांसाठी काय मागते, हे मला स्वतःसाठी जाणून घ्यायचं होतं, कारण त्यावर माझं सगळं अवलंबून होतं.

बाबा, म्हणजे लाजरस पाटोळे, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना गंगापूरच्या एका मास्तरांचं पत्र आलं होतं. मास्तरांच्या मुलासाठी माझी मागणी होती. नाताळ झाला की लग्न. म्हणजे मिडलची परीक्षा बुडाली, शाळा बुडाली, आणि माझं उर्दू गंगापूरच्या गोठ्यात! सोमवारच्या मोटारीनं उत्तर पाठवायचं होतं. बाबा 'होय' लिहिणार, हे घरातल्या मांजरालाही कळलं होतं.

आई त्यावर बाबांना एक शब्द बोलली नव्हती. बोलणारही नव्हती. बाबा बोलले की ती "बरं" म्हणायची. पण आमच्या घरात एक जागा अशी होती, जिथं आईला बोलता यायचं आणि बाबांना मध्ये तोंड घालता यायचं नाही.

ती म्हणजे संध्याकाळची प्रार्थना.

जेवणं झाली की चटई अंथरायची. बाबा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, अध्याय वाचायचे. मग सगळ्यांनी गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे. आधी आई डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना करायची, मग बाबा, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना सगळे मिळून. माझं काम तेवढंच. पण लक्षात घ्या, एकाची प्रार्थना चालू असताना दुसऱ्यानं बोलायचं नसतं. आणि ती संपली की काहीही झालं तरी आमेन म्हणावंच लागतं.

हरितालिकेच्याच संध्याकाळी आईनं सुरुवात केली. आधी नेहमीसारखं अन्नपाण्यासाठी उपकार मानले. मग म्हणाली, "आणि हे दयाळू बापा, सलूला साहेबांपुढं शाबासकी मिळाली, ही तुझीच कृपा. तू तिला डोकं दिलंस, ते काय चुलीतला धूर भरायला दिलंस व्हय? घरातल्या मोठ्या माणसाच्या ही गोष्ट ध्यानात आणून दे. आमेन."

मी एक डोळा उघडला. बाबांच्या मिशा हलत होत्या. मग विहिरीतून बादली वर यावी तसं हळूहळू आलं, "आमेन."

पण मग बाबांची पाळी होती!

"हे प्रभू," बाबा म्हणाले, "तुझ्या दासीच्या मनाला शांती दे. तिला कळू दे की चांगली स्थळं झाडाला लागत नसतात. गंगापूरच्या मास्तरांचं घर देवभीरू आहे. मुलगा निर्व्यसनी आहे. दारात दोन म्हशी आहेत, प्रभू. आमेन."

"आमेन," आई म्हणाली. तिनं नुसतं म्हणून टाकलं, दार लावल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आईनं देवाला सांगितलं की म्हशींचं शेण कुणाला काढावं लागेल तेही ह्यांना दाखव. बाबांनी देवाला विचारलं की उद्या मुलगी बिनलग्नाची राहिली तर लोकांना उत्तर कोण देणार, हे तुझ्या दासीला तूच विचार. तिसऱ्या दिवशी प्रार्थना इतकी लांबली की माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या. माझी वही परत द्यायला गुलशन दारात आली होती, ती तिथंच थिजली. सकाळी शाळेत माझा हात धरून हळूच म्हणाली, "सलोमी, तेरे अम्मी-अब्बा अल्ला मियाँ के सामने झगडते क्या?"

मला लई हसू आलं. पण शनिवार तोंडावर आला होता आणि बाबांच्या आमेनमध्ये माझ्या शाळेचा वास काही येत नव्हता.

शनिवारी मी ठरवून लवकर उठले. आई पहाटे शेळीची धार काढायला जाते, तेव्हा एकटीच पुटपुटत असते, हे मला माहीत होतं. ज्वारीच्या कडब्याआड मी दबा धरून बसले. कानात प्राण आणून. मला खात्री होती, तिथं आई माझ्यासाठी भांडत असणार. देवाला म्हणत असणार, ह्यांना अद्दल घडव, पत्र हरवू दे, गंगापूरची मोटार बंद पडू दे.

भांड्यात धार वाजत होती. आई म्हणाली, "बापा, माझ्या लाजरसला झोप दे."

लाजरस! मी तोंडावर हात दाबला.

"चार रात्री झाल्या, तो जागाच हाय. कूस बदलतो अन् मला वाटतं झोपला, तर डोळे उघडेच. रूथला लोक काय काय बोलले ते त्यानं एकट्यानं ऐकलंय. सासऱ्यांनी जाताना 'माझी रूथ एकटी राहिली' म्हणून त्याचाच हात धरला होता. तो वाईट नाय रे बापा, तो भ्यालाय. त्याला खोटं पाडून मला जिंकायचं नाय. त्याची भीती तेवढी काढून घे. माझ्या लाजरसची."

रूथआत्या म्हणजे बाबांची बहीण. सोयगावच्या शाळेत शिकवते. शिकली आणि लग्न राहून गेलं. मला ती दरवर्षी नाताळात येणारी, मोठ्यानं हसणारी, छत्री घेऊन एकटी मोटारीत बसणारी आत्या म्हणून माहीत होती. तिच्यापायी बाबा रात्री जागे असतात, हे मला कुठं ठाऊक होतं?

आईनं माझ्या शाळेचं नावही काढलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण आला नाही. मी कडब्याआड तशीच बसून राहिले आणि मला वाटलं, कुणीतरी आपल्याला इतकं ओळखावं आणि ओळखूनही इतकं आपलं म्हणावं, याच्यापुढं उपास काय आणि टोपी काय.

शाळेत दोघी टपूनच होत्या. "घेते का नाव? बोल ना!"

"मी हरले," मी म्हणाले आणि ओच्यात आणलेले पेरू त्यांच्यापुढं ठेवली. प्रमोदिनीनं माझ्याकडं संशयानं पाहिलं. पण पेरू पिकलेले होते, त्यामुळं तिनं फार ताणलं नाही.

रविवारी संध्याकाळी बाबांनी पत्र लिहून, घडी घालून शास्त्रात ठेवलं. अध्याय वाचला. आम्ही गुडघे टेकले.

आई म्हणाली, "हे बापा, ह्यांनी जे ठरवलं त्यात तू ह्यांच्यासंगट राहा. आमेन."

बस्स! बाबा वाट बघत राहिले, पुढचं येईल म्हणून. आलं नाही. पाच दिवस भांडणाऱ्या माणसाला अचानक समोर कुणी दिसेनासं व्हावं, तसं झालं. "आमेन," बाबा म्हणाले. मग त्यांची पाळी. "हे प्रभू..." आणि तिथंच थांबले. "हे प्रभू..." पुन्हा गप्प.

मला राहवेना. "हे प्रभू," मीच सुरू केलं, "बाबांना कळू दे की..." आणि माझं मलाच कळलं, मीही तेच करतेय! बाबा हातभर अंतरावर बसलेत आणि मी निरोप स्वर्गातून पाठवतेय.

मी डोळे उघडले. "बाबा, डोळे उघडा. मला तुमच्याशी बोलायचंय."

"सलू, प्रार्थना चालू आहे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"मग आमेन म्हणा."

पदराआड आईचे खांदे हलायला लागले. बाबांचा नाइलाज झाला. "आमेन," ते म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल होते. खरंच झोपले नव्हते.

"तुम्ही रूथआत्याला कधी विचारलंत, ती कशी आहे म्हणून?"

"त्यात विचारायचं काय? एकटी आहे. लोक बोलतात."

"लोक बोलतात ते तुम्ही ऐकता. आत्या काय बोलते ते ऐकलंत का? बाबा, मला लग्न नको असं नाही. मला फक्त घाईनं नको. आणि तुम्ही भिऊन केलेलं तर मुळीच नको."

बाबांनी आईकडं पाहिलं. वाटलं, ती "बरं" म्हणेल. पण आईनं पदर सारखा केला आणि त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "अहो, मला बी तसंच वाटतंय."

"हे तुला माझ्या तोंडावर म्हणता येतं व्हय?"

"येतं की. तुम्ही कधी डोळे उघडे ठेवून विचारलंच नाय."

बाबा आधी चिडणार असं वाटलं. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि मिशांखालून हसू फुटलं, थकलेलं, पण हसूच. त्यांनी शास्त्रातून पत्र काढलं, उलटसुलट केलं आणि टरकन फाडलं.

"आता नवीन काय लिहू त्यांना?" ते म्हणाले. "सांग, साहेबांच्या शाबासकीवाले. तूच सांग."

मी चटईवरून उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी उठले.

"लिहा, मुलगी मिडलला बसणार आहे. मग रूथआत्यासारखी मास्तरीण होणार. मग लग्न करणार, तुम्हा दोघांना विचारून. आणि बाबा, हे मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."