खांद्यावरच्या दोन थापा

मी एक फटफटी. फटफट बंद पडून बरेच दिवस झाले, म्हणून आता नुसतीच बोलते. करंजाड्यातल्या एका इमारतीखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, निळ्या ताडपत्रीत मी उभी असते. आजूबाजूला नव्या स्कूटर आहेत. त्या सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी तापून परत येतात. त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नाही. खरं सांगायचं तर फार एकटं वाटतं.

माझा जन्म म्हैसूरचा. पहिला मालक पनवेलचा एक कंपाउंडर. तो मला इतका जपायचा की पावसाळाभर घराबाहेर काढायचा नाही. रोज पुसायचा, पण फिरवायचा कमी. पुढे त्याला स्कूटर हवीशी झाली आणि मी काळूरामकडे आले. तिथे आल्यावर अंगाचा औषधाचा वास गेला आणि म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा लागला, तो आजतागायत आहे.

काळूराम खाडीकाठच्या गावचा, होडीवरचा माणूस. वल्हं मारलेल्या हाताला माझा क्लच काही केल्या कळेना. शिकताना त्याने मला मिठागराच्या बांधावरून सरळ चिखलात घातलं. गुडघा सोलला, तोंडात चिखल गेला, पण पठ्ठ्याने आधी चहूकडे बघून घेतलं, कोणी पाहिलं तर नाही ना! माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. पडल्यावर त्यांना आधी लाज वाटते, दुखतं नंतर.

पण त्याने मला घरातलीच मानलं. नारळी पुनवेला होडीला नारळ दिला की दुसरा माझ्या पुढच्या चाकाशी फोडायचा. त्याची बायको रंभा माझ्या दिव्याला हळदकुंकू लावायची. म्हणायची, "ही बी आपली होडीच हाय, डांबरावरची." खाऱ्या पाण्याने माझा मडगार्ड खाल्ला, तरी मी कधी कुरकुर केली नाही. एवढा मान कंपाउंडरने दिला नव्हता.

रोज पहाटे मासळीची पाटी मागच्या कॅरियरला बांधायची, रंभा मध्ये बसायची आणि आम्ही पनवेलच्या बाजारात जायचो. एकदा वाटेत रंभा ओरडली, "थांबा, माझी चुंबळ पडली!" डोक्यावर पाटीखाली ठेवायची कापडाची चुंबळ ती. रंभा उतरली, ती उचलायला मागे गेली. बर्फ घातलेल्या पाटीने माझं बूड दाबलेलंच होतं. काळूरामला वाटलं, बसली. त्याने गिअर टाकला.

मला कळलं होतं. सीटची स्प्रिंग वर आली होती, मागे कोणी नव्हतं. पण सांगणार कशी? माझं ओरडणं म्हणजे फटफटच. आणि हा गडी बाजार येईपर्यंत बोलतोय! मेव्हण्याने जाळं कसं फाडलं, पोराला शाळेत कोणी मारलं, आज कोलंबीला काय भाव मागायचा. मध्येच म्हणे, "का गं, गप का? राग आला काय?"

बाजारात पोचल्यावर "उतर" म्हणाला आणि मागे वळून बघितलं. कोळणी पोट धरधरून हसल्या. आम्ही धावत परत गेलो, तर रंभा रस्त्याच्या कडेला चुंबळ हातात घेऊन, कमरेवर हात ठेवून उभी.

"कोलंबी सांभाळली न् बायको इसरलात?"

"मना वाटलं तू हायस."

"आता कुठं बी थांबलात तर मी बसल्यावर खांद्यावर दोन थापा मारीन. तवाच गाडी हलवायची, नायतर नाय."

तेव्हापासून तोच नियम. पेट्रोल पंप असो, फाटक असो, सिग्नल असो, खांद्यावर दोन थापा पडल्याशिवाय आमचं चाक हललं नाही. एकदा बाजारातल्या माशांच्या पाण्यावरून घसरून आम्ही तिघेही आडवे झालो. रंभा पडल्या पडल्या ओरडली, "पयलं म्हावरा उचला, मना मागून!" मग सगळं गोळा करून ती बसली, दोन थापा मारल्या, आणि आम्ही निघालो. पडणं हे असं असतं, उचलणारं कोणी असलं की त्याची पुढे गोष्ट होते.

मग विमानतळासाठी गाव उठलं, होडी विकली, आम्ही इकडे करंजाड्यात आलो. आणि एके दिवशी साधा ताप म्हणता म्हणता रंभा गेली.

त्यानंतर काळूराम मला घेऊन एकटाच निघाला. कुठे जायचं हे त्यालाही ठाऊक नसावं. सिग्नलला थांबलो. दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. काळूराम हलेना. मला कळलं तो कशाची वाट बघतोय. मागून टेम्पोने धक्का दिला आणि आम्ही पडलो. त्या दिवशी त्याने आजूबाजूला बघितलं नाही, की कोणी पाहिलं का. तसाच पडून राहिला.

खुब्याचं हाड मोडलं. मुलगा प्रणित वाईट नाही. त्याने इस्पितळं केली, बापाला उभं केलं आणि माझी चावी काढून घेतली. "पप्पा, आता गाडी बंद."

चावी नाही, पेट्रोल नाही, चाकांत हवा नाही. तरी रोज संध्याकाळी काळूराम काठी टेकत खाली येतो, ताडपत्री सारतो आणि माझ्यावर बसतो. मग बोलत राहतो. सूनबाई निशाने आज बोंबील चांगले केले होते, पण तिखट कमी. खाडीवर भराव टाकलाय, ओळखू येत नाही. बोलता बोलता मध्येच खांदे जरा मागे सारतो. चुंबळ पडली तेव्हाही मागची सीट रिकामी होती, आजही आहे. तेव्हा मला सांगता येत नव्हतं म्हणून जीव तळमळला. आता येत नाही तेच बरं वाटतं.

आज प्रणित खाली आला होता. सोसायटीला पार्किंगची जागा हवी आहे.

"पप्पा, उद्या भंगारवाला येतोय. तुमी तरी किती दिवस बसणार हिच्यावर?"

काळूराम म्हणाला, "बसू दे रं. माझा काय कोणाला तरास हाय?"

प्रणितने तोंड फिरवलं. त्याचेही डोळे भरले होते, ते मी माझ्या फुटक्या आरशात पाहिलं.

आता उद्या काय ते होईल. लोखंडाचा जन्म आहे, वितळून पुन्हा काहीतरी होईन. मला भीती नाही. प्रणित, तुझ्याकडे एकच मागणं आहे. बापाला माझ्यावरून उठवशील तेव्हा समोरून ये. हात धर, हळू उतरव. पण मागून येऊन खांद्यावर थाप मारू नकोस रे बाबा. तो मोडका पाय उचलून किक मारेल.