सापळे न टाकता

व्हर्नानं नवऱ्याचा कोट झटकला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर गोळ्या सांडल्या. लहान, गोल, पिवळ्या. एक फ्रीजखाली गेली, दोन-तीन टेबलाच्या पायाशी जाऊन थांबल्या, बाकीच्या तिच्या सपातांभोवती पसरल्या.

तिनं त्या लगेच ओळखल्या. न ओळखायला काय झालं? ऑगस्टमध्ये एल्डनला हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला, तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तीच तर ही गोळी त्याच्या तळहातावर ठेवत होती. तो "हो गं बाई, घेतो" म्हणायचा, हात तोंडाशी न्यायचा, वरून ग्लासभर पाणी प्यायचा. पाणी तेवढं पोटात जात होतं. बेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसानं लहान पोरासारखं फसवावं, याचा तिला आधी संताप आला. भीती वाटली ती त्यानंतर.

खरं तर हा कोट केव्हाच मशीनमध्ये पडायचा. पण या बंदरात बोट निघायच्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत. धुतले की माणूसही धुऊन जातो, असं व्हर्नाची आई म्हणायची. असल्या गोष्टींना चर्चच्या पायऱ्यांवर हसणाऱ्या बायकाही त्या दिवशी मशीनला हात लावत नाहीत. यंदा वाऱ्यानं शेवंडांच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, हंगामाचा पहिला दिवस रोज एकेक करून पुढे ढकलला. आज नाही तर उद्या नक्की निघतील, म्हणून कपडे रोज तसेच. आठवडाभर त्या खिशात त्याच्याखेरीज कुणाचा हात गेला नाही. आजही ती कोट धूत नव्हतीच. आमिषाच्या मासळीचा वास घरभर सुटला होता, म्हणून व्हरांड्यात टांगायला निघाली होती.

सकाळी सगळ्या बोटी एकदम सुटल्या होत्या. सारं गाव धक्क्यावर होतं, पाद्रीबाबांनी थंडीनं थरथरत प्रार्थना म्हटली होती. घरून निघताना एल्डन बूट चढवायला जिन्याच्या पायरीवर बसला तो जरा जास्तच वेळ बसला. जबडा चोळत होता.

"काय होतंय?"

"दाढ."

"कुठली?"

"दाढ ती दाढ. आता तोंडात हात घालून बघतेस का?"

आणि ती हसली होती.

तिनं रुग्णालयाच्या हृदयविभागात फोन लावला. पॉलेट नावाची नर्स तिथं स्टेंटच्या रोग्यांना तपासणीला बोलवायची. मागच्या तपासणीला एल्डननं तिला पट्टी बांधलेला अंगठा दाखवला होता. "तुमच्या गोळीनं मला नळ बनवलाय. शेवंडांच्या सापळ्याची तार जरा लागली की दिवसभर गळतंय." पॉलेटनं हसून ऐकून घेतलं, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "रक्त पातळ राहायलाच ही गोळी आहे, मिस्टर निकरसन. वर्षभर एकही चुकवायची नाही. त्रास झाला तर मला फोन करा, आपण डॉक्टरांना विचारू. पण स्वतःहून बंद करू नका." एल्डननं शहाण्यासारखी मान डोलावली होती. नर्सांपुढे तो नेहमीच शहाणा असायचा.

"बंद कधी केल्या?" फोनवर पॉलेटनं विचारलं.

"आठवडा झाला असेल. जास्तही असेल."

"छातीत दुखतंय म्हणाले का?"

"तो कधी म्हणेल? सकाळी जबडा चोळत होता. मला म्हणाला, दाढ."

"दाढ नसेल ती, हृदय असेल. आत्ता कुठे आहेत?"

"पाण्यावर."

"परत बोलवा त्यांना. संध्याकाळी नाही, आत्ता. तटरक्षकांना मी कळवते, धक्क्यावर रुग्णवाहिकाही पाठवते. तुम्ही फक्त बोट वळवायला लावा."

"पॉलेट, आज पहिला दिवस आहे. आज कुणी वळत नाही."

"स्टेंटमध्ये रक्त गोठलं तर वळायचं की नाही हे ठरवायला ते उरणार नाहीत, व्हर्ना."

सांगणं सोपं होतं. पहिल्या दिवशी जो जिथं सापळे टाकेल ती जागा त्याची, हा इथला शिरस्ता. लांब खडकाच्या बाजूची जागा एल्डनच्या बापापासूनची. तिच्यावरूनच रोलंड क्रोवेलशी त्याचं फाटलं होतं. दोघं चर्चमध्ये दोन टोकांना बसत आणि एकमेकांना सोडून सगळ्यांशी बोलत. आज एकही सापळा न टाकता भरल्या बोटीनं परत यायचं म्हणजे ती जागा रोलंडच्या ताटात वाढून यायचं. मोबाइलची रेंज तिकडे पोचत नव्हती. राहिला स्वयंपाकघरातला वायरलेस, आणि त्याच्यावर सगळं बंदर कान लावून असतं. तिथं जे बोलावं ते साऱ्या गावासमोर बोलल्यासारखं.

तिनं बटण दाबलं. "एल्डन, व्हर्ना बोलतेय."

"बोल. घर पेटलं का?"

"घरी ये."

दुसऱ्या बोटीवरून कुणीतरी खिदळलं. "एल्डन, बायकोला करमेना रे तुझ्या!"

"व्हर्ना, चॅनेल मोकळा सोड. खडकाशी पोचतोय आम्ही."

काहीतरी थाप मारावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. पाइप फुटला म्हणावं, तर तो प्लंबरचा नंबर सांगेल. लेकीला काही झालं म्हणावं, तर तिची जीभ रेटेना. बेचाळीस वर्षांत चारचौघांत तिनं त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"तुझ्या कोटाच्या खिशात गोळ्या सापडल्या," ती म्हणाली. "हार्टच्या."



"सगळ्या?" एल्डननं विचारलं. त्याचा आवाज इतका लहान झालेला तिनं कधी ऐकला नव्हता.

"सगळ्या."

"रक्त थांबेना गं. बोट चालवणाऱ्या तांडेलाच्याच हातून डेकवर रक्त सांडतंय म्हटल्यावर पोरं काय काम करणार? माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पहिला आठवडा उरकला की घेणार होतो परत."

"जबडा कसा आहे?"

तो वाऱ्याबद्दल काहीतरी सांगायला लागला.

"एल्डन, मी विचारतेय."

"हातात उतरलंय," तो म्हणाला. "डाव्या."

आणि हे सगळ्या बंदरानं ऐकलं.

"एल्डन, रोलंड बोलतोय." इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव ऐकताना व्हर्नाचा हात बटणावरच राहिला. "फीर मागं."

"आणि खडकावर तू बसशील."

"बसेन तर. मी बसलो म्हणजे दुसरा कुणी बसणार नाही. तू आलास की उठेन. सगळ्यांच्या देखत सांगतोय. आता फीर, गाढवा."

व्हर्ना गोळ्यांमध्येच उभी होती, त्या उचलायचंही तिला सुचेना. मग डेलचा आवाज आला. डेल म्हणजे एल्डनचा जुना खलाशी, सहसा वायरलेसला हात न लावणारा.

"वळलोय, व्हर्ना. मी चालवतोय. तो खाली बसलाय."

एल्डननं सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं, यापेक्षा जास्त तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा रुग्णवाहिका आली होती आणि गावही परत जमलं होतं. ओहोटी पुरती लागली होती, पाणी धक्क्याच्या कितीतरी खाली गेलं होतं. बोट वळणावरून आत आली. सापळ्यांची चळत निघताना होती तशीच, वर केबिनच्या छतापर्यंत. ती दिसताच धक्क्यावरच्या प्रत्येकाला काहीतरी काम सुचलं. कुणी दोर गुंडाळायला लागलं, कुणी पाठ करून गाडीतलं काही शोधायला लागलं. सापळे न टाकता परतणाऱ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून त्याच्याकडे इथं कुणी बघत नाही. एकटी व्हर्ना बघत होती.

रुग्णवाहिकेची दोन माणसं पेटी घेऊन शिडीवरून भराभर खाली गेली. दोघं एल्डनवर वाकली, गुडघ्यांवर बसली. व्हर्नाला वरून त्यांच्या हलणाऱ्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. त्या खूप वेळ हलत राहिल्या. मग त्यातल्या एकानं हात मागे घेतले आणि घड्याळाकडे पाहिलं.

डेलनं मान वर केली. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. "व्हर्ना," तो म्हणाला, "तू वरच थांब गं."

तिनं पर्स पाद्रीबाबांच्या हातात दिली आणि पाठमोरी होऊन शिडीवर पाय ठेवला. पायऱ्यांना शेवाळ होतं. तिला खाली पोचायला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही आणि हातही दिला नाही, कारण तिनं कुणाकडे बघितलंच नाही.

एल्डनला सापळ्यांना टेकवून बसवलं होतं. कुणीतरी त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत नीट ओढली होती. ती त्याच्या शेजारी डेकवर बसली, त्याच्यासारखीच पाठ टेकून. सापळे कोरडे होते. एकही पाण्यात गेला नव्हता.