बाराचा दर आणि बावीसचा दर

नयनाच्या मते शेषगिरीअण्णा चोर होते. ते सिद्ध करणं तेवढं बाकी होतं, आणि त्यासाठी हातात फक्त एक रविवार होता.

कारण सोमवारी तिचे बाबा क्वार्टरचा फॉर्म देणार होते. बाबा म्हणजे पद्माकर खांबेटे, कारखान्यात इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन बंगळूरला आले, ते जयनगरात अण्णांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. कारखान्याची वसाहत पार शहराबाहेर. तिकडे गेलं की शाळा सुटणार, तीही ऐन मॅट्रिकच्या वर्षी! आणि नयना तर नुकतीच कुठे वर्गाची मॉनिटर झाली होती, वादविवादात तीन शाळांच्या मुलींना गप्प बसवून आली होती. आता कुठे तिला आपला आवाज सापडला होता, तर म्हणे बिऱ्हाड हलवा!

आणि सगळं कशापायी? तर विजेच्या बिलापायी.

"साडेतेरा रुपये!" बाबा दर महिन्याला अण्णांची चिठ्ठी बघून ओरडायचे. "वसाहतीत निम्म्यात भागतं लोकांचं. हा माणूस लुटतोय आपल्याला."

नयनानं तपास सुरू केला. वसाहतीत राहणाऱ्या कल्पनाकडून तिच्या घरचं बिल मागवलं. कारखाना सरकारकडून ठोक वीज घेऊन आपल्या वसाहतीला आपणच वाटायचा. दिवा लावा नाहीतर इस्त्री फिरवा, सरसकट युनिटला बारा पैसे. शेजारच्या गावच्या मामानं पत्रातून कळवलं, की तिथली खासगी कंपनी एकतीस घेते आणि वर दिवे मिणमिणतात ते निराळंच. म्हणजे दर गावागणिक बदलत होते. मग अण्णांचा दर कोणता? चिठ्ठीवर नुसती बेरीज असायची. दर नाही, युनिट नाहीत. संशय येणार नाही तर काय!

रविवारी सकाळी ती खाली गेली. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी अर्धं कानडीच्या वळणानं चालायचं.

"अण्णा, तुम्ही आम्हाला काय दर लावता?"

"अय्यो! सकाळी सकाळी पोलीस आला की!" अण्णांनी पेपर खाली ठेवला. "दोन दर आहेत गं. दिव्याला बावीस पैसे, हीटिंगला सात."

"वीज तर एकच. मग दर दोन कसे?"

"ते मला काय विचारतेस? सरकारला विचार."

हे उत्तर नयनाला अण्णांच्या फारच सोयीचं वाटलं. अण्णांनाही ते कळलं असावं. "स्वल्प थांब," म्हणत ते आत गेले आणि सरकारी बिल घेऊन आले. दोन दर छापलेलेच होते. दिव्यांची तार वेगळी, शेगडी-बंबाची जाड तार वेगळी, आणि जिन्याखाली वरच्या बिऱ्हाडाचे मीटरही दोन. गेल्या महिन्यात दिव्याच्या मीटरवर अठ्ठावन्न युनिट, हीटिंगच्या मीटरवर अकरा.

"अठ्ठावन्न?" नयना म्हणाली. "आमच्याकडे चार बल्ब आणि एक रेडिओ आहे, अण्णा. आम्ही काय सर्कस चालवतो?"

"तुझ्या घरात काय चालतं, मला काय ठाऊक! जा, बघ जा मीटर."

ती तडक जिन्याखाली गेली. बाहेर लख्ख ऊन. वर एकही दिवा चालू नव्हता, हे ती शपथेवर सांगू शकली असती, कारण बटणं तिनंच बंद करून ठेवली होती. रेडिओही बंद. आणि तरी दिव्याच्या मीटरची चकती गरागरा फिरत होती!

सापडला चोर!

"अण्णा!" तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "आमच्या मीटरवरून तुम्ही वीज घेताय! तुमच्या घरातली तार जोडलीय इथे!"

अण्णांच्या बायको सत्यवतीअक्का हातातली भाजी तशीच घेऊन बाहेर आल्या. "काय बोलते ही पोरगी? आमच्या यजमानांना चोर म्हणते?"

अण्णांचा चेहरा मात्र लाल झाला होता. ते आले आणि त्यांनी वरच्या दिव्यांच्या तारेचा फ्यूज खस्सकन उपसला. चकती थांबली.

"आता माझ्या घरात काय बंद पडलं ते सांग," अण्णा म्हणाले.

अण्णांच्या घरातला पंखा छान फिरत होता. पण वरून आईची हाक आली, "अगं नयना, शेगडी विझली बघ! दूध अर्धवट तापलंय!"

नयना जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थबकली. शेगडी? शेगडी हीटिंगच्या तारेवर हवी ना?

हीटिंगचं तीन भोकांचं सॉकेट न्हाणीघराच्या दाराशी होतं. तिथे स्वयंपाक करायला आईनं पहिल्याच दिवशी साफ नकार दिला होता. "सोवळ्यातलं अन्न न्हाणीपाशी शिजवू? देवाला कोणत्या तोंडानं दाखवू नैवेद्य?" मग बाबांनी शेगडीचा प्लग कापून दोन पिनांचा बसवला आणि देवघराच्या दिव्याच्या सॉकेटात खुपसला. आपल्या हातच्या कामावर खूशही झाले होते. पुण्यात मीटर एकच, वसाहतीतल्या त्यांच्या मित्रांकडेही एकच. वीज ती वीज, असंच ते धरून चालले होते. अण्णांनी तेव्हा काहीतरी सांगितलं होतं, पण घरमालकाचं बोलणं म्हणून बाबांनी कान दिले नव्हते.

बाबा आता खाली आले होते. अण्णा त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही इंजिनिअर ना?"

नयनानं चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. शेगडीचे साधारण चाळीस युनिट हीटिंगला टाकले, तर बिल साडेसात रुपये. तेवढ्याच युनिटांना वसाहतीत सव्वाआठ पडले असते.

"पुन्हा कर," बाबा म्हणाले.

तिनं पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला. मग म्हणाले, "राहू इथेच. तुझं मॅट्रिक होईपर्यंत तरी. अण्णा, जाड तार स्वयंपाकघरापर्यंत ओढू द्याल का?"

"सरी, बरं, ओढा," अण्णा म्हणाले, पण डोळे बारीक करून. "तारच ओढा हं. पुढे दिवे त्या सात पैशांच्या तारेवर टांगाल, आणि सरकारी माणूस धरील मला."

नयनानं मान खाली घालून माफी मागितली. अक्कांनी ती ऐकली, पण नेहमीसारखं हातावर काही ठेवलं नाही.

सोमवारी सकाळी फॉर्म टेबलावर तसाच पडला होता, आणि जिन्याखालच्या मीटरच्या फळीला नवंकोरं दार आणि दाराला कुलूप लागलं होतं.

"बघितलंस?" बाबा कुजबुजले. "दडवायचं काही नसतं तर कुलूप कशाला लावलं असतं?"

"ते कुलूप आपल्यासाठी आहे, बाबा," नयना म्हणाली आणि दप्तर खांद्याला मारून निघाली. कोपऱ्यावर गेल्यावर मात्र तिनं एकदा वळून बघितलंच, अण्णांच्या खिडकीत दिवसाढवळ्या कुठला दिवा तर जळत नाही ना. मग पहिली घंटा ऐकू आली, आणि ती पळत सुटली.