दंडातला चुडा

वाशीमच्या त्या छोट्या कलासंग्रहालयाची जुनी वेबसाइट म्हणजे निव्वळ टिंगल होती. फोटो तिकिटाएवढे, त्यातही कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला. ती नव्याने करायचं काम निताकडे आलं, तेव्हा तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं, की आपल्या बंजारा दालनातली एकेक कांचळी, म्हणजे आरशांची चोळी, एकेक दागिना पडद्यावर जिवंत दिसला पाहिजे. निता स्वतः मानोऱ्याजवळच्या तांड्यातली. हिच्याइतकं हे कोणाला कळणार, असं संचालिका वैजयंतीबाई चारचौघांत म्हणायच्या आणि निता टम्म फुगायची.

आधी प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर कपडे चढवून पाहिले. पुतळा कापडदुकानातला, गोरापान आणि नखरेल. त्याच्या अंगावर आरशांची कांचळी केविलवाणी दिसली. मग वैजयंतीबाईंनीच सुचवलं, तुझ्या आईला बोलाव. गोमतीबाई एसटीने आल्या. लेकीचं ऑफिस बघायला मिळणार म्हणून खूश होत्या. घागरा घातला, कांचळी घातली, ओढणी डोक्यावरून घेतली. फोटो काढणाऱ्या प्रज्वलने हसा म्हणायच्या आधीच हसत होत्या.

तेवढ्यात वैजयंतीबाईंनी कपाटातून पांढरा चुडा आणला, संग्रहातली सगळ्यात देखणी वस्तू. हा कोपराच्या वर, दंडात भरायचा. गोमतीबाईंचं हसू गेलं. नवरा गोविंदसिंग गेला तेव्हा तांड्यातल्या बायकांनी त्यांच्या दंडातला चुडा उतरवला होता, आणि एकदा उतरलेला चुडा परत चढत नाही. त्यांनी निताकडे पाहिलं. हळूच गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत म्हणाल्या, की हा मला नको, तू सांग यांना.

त्या खोलीत गोरमाटी कळणारी एकटी निताच होती.

"काय म्हणतात आई?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वैजयंतीबाई काही वाईट नव्हत्या, त्यांनी चुडा लगेच परत ठेवला असता. पण आमच्यात विधवेला हे चालत नाही, असं त्या एसीच्या गार खोलीत, प्रज्वलसमोर बोलायची निताला लाज वाटली. आपला तांडा मागासलेला दिसेल. शिवाय पहिल्या पानावरचा फोटो हातचा जाईल, हेही मनात होतंच. ते कशाला लपवा.

"काही नाही मॅडम. घट्ट होतो म्हणते."

वैजयंतीबाईंनी मायेने तेल आणलं, स्वतःच्या हाताने चोळलं. गोमतीबाईंनी दोन्ही हात पुढे केले. त्यानंतर त्यांनी निताकडे पाहिलं नाही.

वेबसाइटचं कौतुक झालं आणि फोटो फोनाफोनांतून तांड्यातही पोचला. तांड्याचे प्रमुख, नायक मोहनसिंगांनी बैठक बोलावली. निता धावत गेली. निघण्याआधी तिने फोटो काढून टाकला होता, ऑफिसात तांत्रिक अडचण आली असं सांगून. म्हणजे तिथेही खोटंच. बैठकीत नायकांनी गोमतीबाईंना विचारलं, हे कोणी करायला लावलं. त्या म्हणाल्या, कोणी नाही, मीच हौसेने मागून घातला, पोरीचा यात काही दोष नाही. लोक नको नको ते बोलले. गोमतीबाईंच्या शेजारची म्हातारी उठून दुसरीकडे जाऊन बसली. निता तोंड उघडणार होती, पण उघडलं नाही. ती नुसती जमिनीकडे बघत बसली.

परतताना आई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. तेव्हा कुठे निताला रडू फुटलं. चूक माझी आहे आई, ती म्हणाली, मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

गोमतीबाई जन्मात कधी लेकीशी गोरमाटीशिवाय बोलल्या नव्हत्या. आता त्या वऱ्हाडीत बोलल्या, बाजारात परक्या माणसाशी बोलतात तशा.

"सांगाचं होतं तं त्यायले सांगाचं, बाई. मले कायले सांगून राह्यली? मी तं तिथंच होती."