कमळच्या लग्नाचं बोलावणं

“मावशी, आज नको गं. मासळी आहे घरात.”

पुतळाबाईने मासळीची पाटी नुकतीच दारात टेकवली होती. “घरात? कोणाकडून घेतलीस गो?”

जया हसली आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे नवा कोरा फ्रिज उभा होता. पुतळाबाईने दार उघडून आत हात घातला, गारवा चेहऱ्यावर घेतला.

“झकास हाय गो!”

“आता हे रविवारी मार्केटातनं आठवड्याचं आणून ठेवणार. तुलाही एवढे जिने चढायला नकोत.”

“बरं जालं,” म्हणत पुतळाबाईने पाटी उचलली आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

जया लग्न होऊन जालन्याकडून अंधेरीला आली, तेव्हा तिला समुद्राची मासळी ठाऊकच नव्हती. पहिल्यांदा बोंबील धुतले, तर ते हातातच मोडले. वर्सोव्याच्या या कोळणीने दारात बसकण मारून तिला सगळं शिकवलं. बोंबील दाबून पाणी कसं काढायचं, कोलंबीचा दोरा कसा ओढायचा. रतनच्या वेळी भरदुपारी कळा सुरू झाल्या. नवरा अंबादास टेलिफोन खात्यात कामावर. पुतळाबाईने भरलेली पाटी जिन्यातच सोडून रिक्षा आणली आणि पोर रडल्याचं ऐकेपर्यंत ती इस्पितळाच्या बाकावरून हलली नाही. इकडे मासळी मांजरांनी खाल्ली. त्यावर ती नुसती म्हणाली होती, “रतनचं बारसं जालं त्यांच्याकडे.”

फ्रिज आल्यावरही ती कधीमधी पाणी प्यायला थांबायची. मग टीव्ही आला, दार लोटलेलं राहू लागलं. पुढे तिचं येणं बंदच झालं. वय झालं असेल, असं जयाला वाटलं.

एके दिवशी वरच्या वनमालाबाई जिन्यात भेटल्या. “पुतळाबाईच्या लेकीच्या, कमळच्या लग्नात तुम्ही दिसला नाहीत? आम्ही सगळे जाऊन आलो.”

 संध्याकाळी जयाने कमळसाठी साडी घेतली आणि वर्सोव्याला गेली.

पुतळाबाई अंगणात सुकट पसरत होती. जयाला बघून लगबगीने उठली, पदराने खुर्ची पुसली.

“मावशी, मला का नाही बोलावलंस?” जयाने उभ्यानेच विचारलं.

“आलेले ना. रविवारी संध्याकाळी. पत्रिका घेऊन.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. “दोनदा बेल मारली. आत सिनेमा लागलेला, मोठ्याने. सगळी हसत होती. म्हटलं, कशाला मोडता घालायचा.”

“दार ठोकायचं होतंस गं!”

“तुमच्या दारावर कधी ठोकलं नाय मी. उघडंच असायचं.”

तुमच्या. जयाने ते ऐकलं. या बाईने तिला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

पुतळाबाईने साडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आत ठेवून आली. “कमळला आवडेल हो,” म्हणाली. आतून तळणीचा वास येत होता. जया उठली आणि सवयीने चुलीकडे निघाली.

“तिथं धूर हाय, बसा तुम्ही,” पुतळाबाई म्हणाली आणि नाक्यावरच्या दुकानाकडे निघाली.

ती थंड्याची बाटली घेऊन आली. पदराने पुसून, त्यात नळी घालून तिने ती जयाच्या हातात दिली. मग पाहुण्यांसमोर उभं राहतात तशी हात जोडून, थोडी बाजूला, ती बाटली संपेपर्यंत उभी राहिली.